सांची, अमरावती, भारहूत : बौद्ध शिल्पांची आरंभीची छायाचित्रे

दोनशे रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस सांचीचा महास्तूप छापलेला आहे. अर्धगोल अंड, त्यावरील हर्मिका व छत्र, भोवतीची वेदिका आणि समोरचे कोरीव तोरण हे सारे त्या चित्रात इतके सुस्थित दिसते, की स्तूप दोन हजार वर्षे असाच उभा असावा असे पाहणाऱ्यास वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. १८६२ च्या सुमारास लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस हे तोफखान्यातील तरुण अधिकारी कॅमेरा घेऊन सांचीला पोचले, तेव्हा चार तोरणांपैकी दक्षिणेचे व पश्चिमेचे तोरण कोसळलेले होते आणि स्तूपाच्या अंगाला १८२२ मधील अडाणी खोदकामाने पडलेले मोठे भगदाड तसेच होते. आज आपण जो स्तूप पाहतो तो पुढील साठ वर्षांच्या दुरुस्तीतून उभा राहिला आहे. दुरुस्तीपूर्वी तो कसा होता, हे सांगणारा सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणजे त्या काळची छायाचित्रे होत.

या शिल्पांना मी 'सार्वजनिक शिल्प' म्हणतो, ते केवळ उघड्यावर आहेत म्हणून नव्हे. सांचीच्या वेदिकेवर, फरसबंदीवर आणि तोरणांवर सहाशेहून अधिक दानलेख कोरलेले आहेत. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, व्यापारी आणि कारागीर आहेत. काही ठिकाणी तर संपूर्ण गावाचे दान नोंदले आहे. दक्षिण तोरणावरील एक लेख सांगतो, की तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकट येथील दात्यांची, त्यांत यवनांचीसुद्धा, नावे खांबांवर वाचावयास मिळतात. एका राजाने आपल्या कीर्तीसाठी उभारलेले हे स्मारक नव्हते. लोकांनी एकेक दगड, एकेक खांब आपल्या नावाने देऊन हे उभे केले होते. म्हणून या दगडांची नोंद कोणी, कशी आणि कोणत्या दृष्टीने केली, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा ठरतो.

कॅमेऱ्यापूर्वी नोंदीचे साधन होते हात. सांचीच्या दानलेखांच्या नकला कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी हाताने उतरवून कलकत्त्याला पाठविल्या आणि त्यांवरूनच १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडता आले. अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, ती 'दानं' असली पाहिजेत, हा त्यांचा तर्क होता. सामान्य उपासकांच्या दानाच्या शब्दाने अशोकाच्या शिलालेखांचे वाचन शक्य झाले, ही गोष्ट वर्गात सांगताना मला आजही विशेष आनंद होतो. परंतु हाताने काढलेल्या चित्रांची मर्यादा मोठी होती. युरोपीय चित्रकाराच्या हातून उतरताना भारतीय शिल्पाचा चेहरा नकळत ग्रीक होई, झिजलेली बोटे पूर्ण होत, तुटलेला भाग सांधला जाई. चित्र सुंदर होई, पुरावा मात्र दुबळा पडे.

प्रिन्सेप यांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, पॅरिसला दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. ती जाहीर करताना आरागो या शास्त्रज्ञाने जे मुद्दे मांडले, त्यांत प्राचीन स्मारकांचा मुद्दा ठळक होता. इजिप्तच्या मंदिरांवरील चित्रलिपी उतरवायला चित्रकारांचा मोठा ताफा आणि कित्येक वर्षे लागतील, ते काम हे यंत्र एका माणसाच्या हातून करील, असे त्यांचे म्हणणे होते. शिल्प आणि कॅमेरा यांचे नाते आरंभापासूनच निकटचे राहिले, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी एका चित्रासाठी प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. माणूस हलतो, झाडाची पाने हलतात. मूर्ती हलत नाही. दागेर यांच्या सुरुवातीच्या चित्रांत प्लास्टरच्या मूर्ती आहेत. इंग्लंडमध्ये कागदी निगेटिव्हची पद्धत शोधणाऱ्या टॅलबट यांनी पॅट्रोक्लसच्या एकाच अर्धपुतळ्याची छायाचित्रे अनेकदा घेतली. पुतळा थोडा फिरवला, प्रकाशाची दिशा बदलली, की तीच मूर्ती निराळी दिसते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. शिल्पाच्या छायाचित्रणाचा हा मूलभूत धडा आहे. दगडात खोली किती, हे कॅमेरा स्वतः ओळखत नाही. ते सावली सांगते. तिरपे ऊन पडले तर उठावातील घोड्यांचे कान, बोधिवृक्षाची पाने, उपासकांचे जोडलेले हात वेगळे उमटतात. ऊन समोरून पडले तर तेच शिल्प सपाट भिंतीसारखे दिसते.

हिंदुस्थानात हे काम किती कठीण होते, याची कल्पना आजच्या मोबाइलच्या पिढीला यावी म्हणून त्याची कृती थोडी विस्ताराने सांगतो. १८५१ मध्ये कलोडियनची ओली पद्धत आली. स्वच्छ काचेवर कलोडियन, म्हणजे विशिष्ट प्रक्रिया केलेला कापूस ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्राव, समपातळीत ओतायचा. मग काळोखात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वी परत काळोखात नेऊन चित्र प्रकट करायचे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे जेथे स्मारक तेथेच काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि भरपूर स्वच्छ पाणी हवे. वैशाखात तंबूच्या आत ईथरची वाफ आणि असह्य उकाडा, बाहेर उडणारी धूळ, आणि धुळीचा एक कण जरी काचेवर बसला तरी चित्रावर डाग. त्या काळी निगेटिव्हवरून मोठे चित्र काढणे व्यवहारात जवळजवळ नव्हतेच. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवायची, म्हणजे तेवढ्याच आकाराची प्रत मिळे. मोठे चित्र हवे तर मोठी काच आणि तेवढाच मोठा कॅमेरा. छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. जुन्या छायाचित्रांना जी तपकिरी, किंचित चकचकीत छटा दिसते ती या कागदाची.

यामुळेच काहींनी काचेऐवजी मेण लावलेला कागद पसंत केला. तो आधी तयार करून ठेवता येई, प्रवासात फुटत नसे. मद्रास सैन्यातील कॅप्टन लिनियस ट्राइप हे या कागदी पद्धतीचे निष्णात जाणकार होते. १८५५ मध्ये ते ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर होते आणि तेथील पॅगोडा व विहारांची त्यांची छायाचित्रे आजही नावाजली जातात. पुढे मद्रास सरकारचे छायाचित्रकार म्हणून १८५८ मध्ये त्यांनी जे काम केले, ते बौद्ध कलेच्या इतिहासात फार मोलाचे आहे. ते काम म्हणजे अमरावतीच्या शिल्पपट्टांची छायाचित्रे.

अमरावतीची कथा क्लेशदायक आहे. कृष्णा नदीकाठच्या या महाचैत्याला १७९७ मध्ये कर्नल मॅकेन्झी यांनी भेट दिली, तेव्हा नव्या वसाहतीच्या बांधकामासाठी तेथील दगड काढून नेले जात होते. पांढरट चुनखडीचे ते कोरीव पट्ट चुन्याच्या भट्टीतही गेले. मॅकेन्झी यांनी १८१६ नंतर पुन्हा येऊन चित्रे काढून घेतली, तोवर बराच नाश झाला होता. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट यांनी उत्खनन करून बरेच पट्ट मद्रासला आणले. तेथे ते कित्येक वर्षे उघड्यावर ऊनपावसात पडून राहिले. ट्राइप यांनी त्यांची छायाचित्रे घेतली ती या अवस्थेत. १८५९ मध्ये हे पट्ट जहाजाने लंडनला रवाना झाले आणि तेथेही त्यांची उपेक्षाच झाली. १८६७ मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांना ते फाइफ हाउस येथील घोडागाड्यांच्या कोठारात आढळले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रवासापूर्वी प्रत्येक दगडाची स्थिती काय होती, याची साक्ष ट्राइप यांच्या कागदावर उरली आहे. इतके मोलाचे काम करणाऱ्या त्या खात्याला मद्रास सरकारने खर्चिक ठरवून लवकरच टाळे लावले, हेही नोंदवायला हवे.

आपल्या मुंबई इलाख्यात या विद्येची आवड लवकर रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे जाणते छायाचित्रकार होते. कंपनी सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील स्मारकांच्या छायाचित्रणासाठी नेमले. पण महाराष्ट्राला जवळचे नाव मेजर रॉबर्ट गिल यांचे. गिल आणि पारू यांची कथा कवितेतून व चित्रपटातून घरोघरी पोचली आहे; गिल यांचा कॅमेरा मात्र लोकांच्या विस्मरणात गेला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकला करण्यासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. कित्येक वर्षे लेण्यांत बसून त्यांनी केलेल्या त्या भव्य नकला लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक सर्व जळाल्या. दरम्यान गिल यांनी छायाचित्रण आत्मसात केले होते. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघालेल्या लेण्यांवरील ग्रंथात गिल यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. हाताने रंगविलेली अनेक वर्षांची तपश्चर्या एका रात्रीत गेली. छायाचित्रांच्या प्रती अनेक असल्याने त्या वाचल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याला सहल नेणाऱ्या शाळा त्या वाटेने जातात, तेव्हा गाडी तेथे थांबवावी असे मला नेहमी वाटते.

आता पुन्हा सांचीकडे वळू. वॉटरहाउस यांना मध्य हिंदुस्थानात पाठविले होते ते मुळात स्तूपासाठी नव्हे, तर तेथील जाती-जमातींची छायाचित्रे घेण्यासाठी. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड सरकारने १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले, त्यासाठी असे काम देशभर चालले होते. त्या खंडांत माणसे जातीचे व जमातीचे नमुने म्हणून उभी केली आहेत. मुंबईचे विल्यम जॉन्सन यांनी तर आपल्या अशाच ग्रंथात एकीकडे घेतलेली माणसांची चित्रे दुसरीकडच्या दृश्यांवर जोडून बसविली. जातिव्यवस्था ही माणसांची वर्गवारी करते. त्या वर्गवारीवर सरकारी कॅमेऱ्याने शिक्का मारला, असे माझे मत आहे. त्याच दौऱ्यात, त्याच कॅमेऱ्याने, जातीच्या भेदाविना दिलेल्या दानांतून उभ्या राहिलेल्या सांचीच्या वेदिकेचीही नोंद केली. इतिहासात असे योग येतात.

सांचीला छायाचित्रकाराची परीक्षा ऊनच घेते. पूर्व तोरणाची बाहेरील बाजू सकाळी उजळते, पश्चिमेची दुपारनंतर. सांची कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्याने उत्तर तोरणाच्या बाहेरील बाजूवर हिवाळाभर थेट ऊन येतच नाही, आणि दौऱ्याचा हंगाम नेमका हिवाळ्याचा. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत ती बाजू मऊ, सावलीतील प्रकाशात आढळली तर तो छायाचित्रकाराचा दोष समजू नये.

या छायाचित्रांचे पुढे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. फर्ग्युसन यांनी १८६८ मध्ये सांची व अमरावतीवर मोठा ग्रंथ काढला. सांचीसाठी त्यांनी वॉटरहाउस यांची छायाचित्रे वापरली, अमरावतीच्या लंडनमधील पट्टांची छायाचित्रे विल्यम ग्रिग्ज यांनी घेतली. छायाचित्रे उत्तम होती. ग्रंथाचे नाव मात्र होते 'ट्री अँड सर्पंट वर्शिप', म्हणजे वृक्ष आणि सर्प यांची पूजा. आरंभीच्या बौद्ध शिल्पांत तथागतांची मनुष्यरूपातील मूर्ती नसते. तेथे बोधिवृक्ष असतो, रिकामे आसन असते, धम्मचक्र व पदचिन्हे असतात. वृक्षापुढे हात जोडलेली माणसे पाहून फर्ग्युसन यांनी वृक्षपूजा वाचली, नागफणा पाहून सर्पपूजा वाचली, आणि त्यावर वंशांचे तर्क रचले. कॅमेऱ्याने दगड अचूक टिपला होता. त्याखालचा अर्थ चुकला. मुचलिंद नागराजाची कथा ज्या समाजाच्या स्मरणात जिवंत असती, त्याला त्या फणांचा अर्थ सांगावा लागला नसता. धम्म या भूमीतून लुप्त झाला होता, म्हणून चित्र होते आणि ते वाचणारे नव्हते. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरच्या भाषणात नाग हे धम्माचा प्रसार करणारे लोक होते असे सांगितले. एका बाजूला सापाची पूजा पाहणारा अभ्यासक आणि दुसऱ्या बाजूला नाग लोकांचा इतिहास सांगणारे बाबासाहेब, हे अंतर विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावे. तरीही मी फर्ग्युसन यांना मोडीत काढणार नाही. त्यांच्या ग्रंथामुळेच ही शिल्पे जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर पोचली, आणि ती पोचली म्हणून त्यांचा अर्थ दुरुस्त होऊ शकला.

याच सुमारास पूर्व तोरण पॅरिसला देण्याची मागणी फ्रान्सच्या वतीने भोपाळच्या बेगमांकडे आली होती. हिंदुस्थान सरकारने ती मानली नाही. त्याऐवजी लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल यांनी त्या तोरणाचा प्लास्टरचा पूर्णाकृती साचा घेतला आणि त्याची प्रतिकृती १८७१ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात उभी राहिली. मूळ तोरण जागेवर राहिले आणि साचे परदेशी गेले. नक्कल करण्याच्या विद्येचा असाही उपयोग झाला. याच कोल यांनी १८८१ पासून सांचीचे भगदाड बुजवून पडलेली तोरणे पुन्हा उभी केली. दक्षिण तोरणाच्या आडव्या तुळया चढविताना काहींची पुढची बाजू मागे गेली, हे पुढे जॉन मार्शल यांनी दाखवून दिले. आज सांचीला गेल्यावर त्या तोरणाची आतली बाजू आवर्जून पाहावी. सर्वांत समृद्ध कोरीव काम तेथे का आहे, याचे उत्तर त्या चुकीत आहे. १८८२ मध्ये लाला दीनदयाळ यांनीही मध्य हिंदुस्थानातील स्मारकांबरोबर सांचीची छायाचित्रे घेतली. रुडकीच्या महाविद्यालयात शिकलेले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेले हे भारतीय छायाचित्रकार पुढे निजामाच्या दरबारी आणि मुंबईच्या स्टुडिओत नावारूपाला आले.

भारहूतबाबत मात्र दुरुस्तीची संधीच मिळाली नाही. सतना जिल्ह्यातील या स्तूपाचा शोध कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये लागला, तोवर आसपासच्या गावांनी त्याच्या विटा-दगड घरांच्या भिंतींना लावले होते. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या दगडांचा अर्थ त्यांच्यापासून हिरावून घेतला गेला होता. १८७४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा कनिंगहॅम यांचे सहकारी जोसेफ बेगलर यांनी खांबांची व वेदिकेची छायाचित्रे घेतली. उरलेले अवशेष पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये हलविले गेले. १८७९ च्या कनिंगहॅम यांच्या ग्रंथात ही छायाचित्रे छापलेली आहेत. भारहूतच्या शिल्पांचे वैशिष्ट्य असे, की अनेक प्रसंगांखाली त्यांची नावे कोरलेली आहेत. जेतवन विकत घेण्यासाठी अनाथपिंडिक जमिनीवर नाणी अंथरतो, त्या पदकावर तो प्रसंग लेखात सांगितला आहे. छायाचित्रात शिल्प आणि अक्षरे एकत्र दिसू लागल्यावर फर्ग्युसन यांच्यासारख्या तर्कांना वाव उरला नाही. पुढच्या अभ्यासकांनी सांचीची नाव नसलेली दृश्ये ओळखली, त्यात भारहूतच्या नाव असलेल्या दृश्यांचा आधार मोठा आहे. मूळ जागी मात्र आज फारसे काही उरलेले नाही.

या जुन्या छायाचित्रांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. खांबाची उंची कळावी म्हणून त्याच्या शेजारी पुष्कळदा एखादा स्थानिक माणूस उभा केलेला किंवा पायथ्याशी बसविलेला असतो. त्याला कित्येक सेकंद श्वास रोखल्यासारखे स्थिर राहावे लागे. तो जरासा हलला तर चेहरा पुसट होई, आणि तसे पुसट चेहरे अनेक चित्रांत आहेत. चित्राखाली स्मारकाचे नाव असते, अधिकाऱ्याचे नाव असते, कधी साल असते. त्या माणसाचे नाव नसते. काचांच्या पेट्या टेकडीवर वाहून नेणाऱ्यांची, तंबूत पाणी पोचविणाऱ्यांची नावे तर विचारूच नयेत. त्याच खांबावर दोन हजार वर्षांपूर्वी एका भिक्खुणीचे, एका गृहिणीचे नाव खोल कोरलेले असते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांकडून व पालकांकडून जुनी छायाचित्रे शाळेकडे येत आहेत : वसतिगृहाच्या पायाभरणीची, गावातील विहारांत बुद्धमूर्ती बसविल्याची, १४ एप्रिलच्या मिरवणुकांची. त्यांतील बहुतेकांच्या मागची बाजू कोरी आहे. पाठविणाऱ्यांना विनंती, की घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, चित्रात डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे, ठिकाण कोणते आणि साल कोणते, हे मऊ पेन्सिलीने मागे हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. मूर्तीच्या शेजारी उभा असलेला गवंडी, गाडीवान, पाण्याची घागर धरलेली बाई यांचीही नावे मिळतील तेवढी लिहावीत.